राष्ट्रपतींना चौदा दिवस, सरपंचबाईंना सात

प्रति,
गोंदिया, तिरोडा, अर्जुनी-मोरगाव आणि आमगाव या चार मतदारसंघांचे मा. आमदार,
तसेच भंडारा-गोंदिया आणि गडचिरोली-चिमूर मतदारसंघांचे मा. खासदार यांस,



आधी एक हिशेब. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते. १९७१ च्या जनगणनेवर बेतलेला हा आकडा आहे. आपल्या जिल्ह्याचे आमदार चार, म्हणजे एकूण ७००. जुलै २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू निवडून आल्या तेव्हा एका खासदाराच्या मताचे मूल्यही नेमके ७०० होते. थोडक्यात, राष्ट्रपती निवडताना गोंदिया जिल्ह्याच्या चार आमदारांचे वजन एका खासदाराएवढे भरले. राष्ट्रपतींना पदावरून काढताना याच चार आमदारांचे वजन शून्य असते. महाभियोग फक्त संसदेत चालतो. उलट राज्यसभेतल्या ज्या बारा नामनियुक्त सदस्यांना राष्ट्रपती निवडताना मत नसते, त्यांना महाभियोगात मात्र असते. वर्षानुवर्षे नागरिकशास्त्र शिकवताना हा भाग आला की मुले हमखास विचारायची, "सर, असं का?" घटना समितीने तसे ठरवले, एवढेच उत्तर मी देत असे.

हे आज आपल्याला लिहिण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या काही वर्षांत जाहीर सभांमधून "महाभियोग आणू" हे वाक्य फार स्वस्त झाले आहे. ते कधी न्यायाधीशांना उद्देशून असते, कधी निवडणूक आयुक्तांना, तर कधी चक्क राज्यपालांना. राज्यपालांसाठी राज्यघटनेत महाभियोग नाहीच, ते राष्ट्रपतींच्या मर्जीने पदावर असतात. हे टाळ्या वाजवणाऱ्यांना माहीत नसेल तर समजू शकतो, माईक हातात धरणाऱ्याला माहीत असायला हवे. पण माझी खरी तक्रार भाषणांची नाही. वर राज्यघटनेची शपथ घेणारी मंडळी खाली गावात सरपंचाला कसे काढतात, किंवा काढू देतात, याबद्दल मला बोलायचे आहे.

त्यासाठी राज्यघटनेचे कलम ६१ समोर ठेवू या. राष्ट्रपतींना पदावरून दूर करायला एकच कारण चालते, ते म्हणजे राज्यघटनेचा भंग. विश्वास उरला नाही, पटत नाही, सहकार्य करत नाहीत, यातले काहीही चालत नाही. आरोप लेखी द्यावा लागतो. तो लोकसभेत आणायचा तर ५४३ पैकी किमान १३६ सदस्यांच्या सह्या लागतात, राज्यसभेत आणायचा तर २४५ पैकी ६२. नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबावे लागते. मग मतदान होते. तिथे हजर सदस्यांचे दोन तृतीयांश पुरत नाहीत, सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे दोन तृतीयांश हवेत. लोकसभेत हा आकडा ३६२ होतो. गैरहजर, तटस्थ, रिकामी जागा, या सगळ्यांचा फायदा राष्ट्रपतींना मिळतो. एवढे झाल्यावरही पद जात नाही, कारण पहिल्या सभागृहाने फक्त आरोप ठेवलेला असतो. चौकशी दुसऱ्या सभागृहाने करायची किंवा करवून घ्यायची. त्या चौकशीत स्वतः हजर राहण्याचा किंवा आपल्या वतीने कोणाला उभे करण्याचा हक्क राष्ट्रपतींना आहे. आरोप सिद्ध झाला असे दुसरे सभागृहही दोन तृतीयांशाने म्हणाले, म्हणजे राज्यसभेत १६४ जणांनी म्हटले, की त्या तारखेपासून पद जाते. आजवर एकाही राष्ट्रपतीवर ही वेळ आलेली नाही.

या सगळ्या आकडेमोडीतून मुलांच्या लक्षात एकच गोष्ट राहावी अशी माझी इच्छा असे. आरोप करणारे वेगळे आणि त्याचा निवाडा करणारे वेगळे, आणि दोघांच्या मध्ये आरोपीला बोलायला जागा.

आता गावात येऊ. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ३५ आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. ग्रामपंचायतीचे सदस्य सह्या करून तहसीलदारांकडे नोटीस देतात. तहसीलदार सात दिवसांच्या आत विशेष सभा बोलावतात आणि स्वतःच तिचे अध्यक्षस्थान घेतात. सरपंचाला तिथे बोलता येते, मतही देता येते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण कायदा अगदीच आंधळा आहे असे मला म्हणायचे नाही. पण बोलायचे कोणासमोर? ज्यांनी नोटिशीवर सह्या केल्या त्यांच्याचसमोर. आरोप त्यांचा आणि निवाडाही त्यांचाच. नोटिशीत काय लिहिलेले असते ते कोणत्याही तहसील कार्यालयात जाऊन बघा: "मनमानी कारभार", "सदस्यांना विश्वासात न घेणे", "विकासकामांत हलगर्जीपणा". गावाचे नाव बदलले तरी मजकूर तोच. कोणत्या महिन्यात, कोणत्या कामात, किती रुपयांची मनमानी, हे कोणी लिहीत नाही, आणि लिहिले तरी ते खरे की खोटे हे तपासण्याची पायरीच या प्रक्रियेत नाही. सभेची वैधता घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते, पण तिथे नोटीस वेळेत मिळाली का, सह्या पुरेशा होत्या का, हेच बघितले जाते.

कोणी म्हणेल, अविश्वास ठराव म्हणजे महाभियोग नव्हे. पंतप्रधानांना, मुख्यमंत्र्यांनाही आरोप न ठेवता साध्या बहुमताने घरी पाठवता येते, मग सरपंचाचेच काय एवढे? हा आक्षेप बरोबर आहे आणि २०१७ पर्यंत मीही वर्गात असेच सांगितले असते. तेव्हा सरपंच सदस्यांमधून निवडला जायचा. ज्यांनी बसवले त्यांचा विश्वास उडाला तर त्यांनी उतरवावे, यात गैर काही नाही. २०१७ मध्ये राज्याने थेट निवड आणली. २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा आली. आता सरपंच सगळ्या गावाच्या मतांवर बसतो, सदस्य आपापल्या प्रभागाच्या मतांवर. सदस्यांनी त्याला निवडलेलेच नसते. अमेरिकेत अध्यक्ष असाच संसदेबाहेरून निवडून येतो, म्हणून तिथल्या संसदेला त्याच्यावर अविश्वास आणता येत नाही. आरोप ठेवावा लागतो. प्रतिनिधिगृह आरोप ठेवते आणि सिनेट खटला चालवते. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन तिथे एका मताने वाचले. आपण निवड अमेरिकेच्या धाटणीची घेतली आणि काढण्याची रीत मात्र जुनीच ठेवली, तिला वरून ठिगळे लावली.

त्यातले एक ठिगळ मात्र खरोखर चांगले आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षे ठराव आणता येत नाही. त्यानंतर आणला तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि तेवढ्यानेही भागत नाही. ठराव विशेष ग्रामसभेपुढे जातो आणि गावकरी गुप्त मतदानाने तो मान्य किंवा अमान्य करतात. सदस्यांनी काढलेल्या सरपंचाला गावाने परत बसवले, अशा बातम्या आपणही वाचल्या असतील. मला यात गावाचे दुसरे सभागृह दिसते. फक्त त्या सभागृहाला चौकशीचे काम कोणी दिलेले नाही. लोक रांगेत उभे राहतात, चिठ्ठी टाकतात, घरी जातात. आरोप काय होता आणि उत्तर काय होते, हे निम्म्या रांगेला ठाऊक नसते. ठाऊक असते ते कोण कोणाचा माणूस आहे आणि काल रात्री कोणाच्या घरी जेवण होते.

जून २०२२ आठवतो का? तो विसरण्यासारखा नाही. विधानसभा अध्यक्षांची खुर्ची तेव्हा रिकामी होती. आपल्या भंडारा-गोंदियाचे खासदार राहिलेले नाना पटोले अध्यक्ष झाले होते, त्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला आणि तोपर्यंत ती जागा भरलीच गेली नव्हती. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी सोळा बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा दिल्या आणि उत्तरासाठी साधारण दोन दिवस दिले. आमदार सर्वोच्च न्यायालयात गेले. एवढ्या वेळात बाजू कशी मांडायची, हा त्यांचा एक मुद्दा होता. २७ जूनला न्यायालयाने त्यांना १२ जुलैच्या संध्याकाळपर्यंत मुदत वाढवून दिली. माझी त्या आमदारांविषयी तक्रार नाही. उत्तराला वेळ मागणे हा त्यांचा हक्क होता आणि न्यायालयाने तो मानला. मला एवढेच विचारायचे आहे की मुंबईत वकिलांची फौज दिमतीला असलेल्या आमदाराला दोन दिवस अपुरे पडतात, तर देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या सरपंचबाईंना सात दिवस कसे पुरावेत? त्या सात दिवसांत रोवणी असते, नाहीतर धान कापणीला आलेले असते. नोटिशीची प्रत, जुने ठराव, कामांची मोजमाप पुस्तिका, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा हिशेब, हे सगळे ग्रामसेवकाच्या कपाटात असते आणि किल्ली त्याच्याकडे.

सरपंचबाई हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. सरपंचपद राखीव असेल तर त्या बाईंना काढायला कायद्याने आधीपासूनच जास्त मते मागितली आहेत, कारण त्यांना उतरवण्याची घाई जास्त असते हे कायदा करणाऱ्यांनाही दिसत होते. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंच मनीषा पानपाटील यांचे प्रकरण अविश्वासाचे नव्हते, अतिक्रमणाच्या आरोपावरून अपात्रतेचे होते. पण २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अपात्रता रद्द करताना जे सुनावले ते आपल्या जिल्ह्यालाही लागू आहे. निवडून आलेल्या प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातल्या महिलेला, काढणे ही किरकोळ बाब समजू नका, असा त्याचा आशय होता. सरकारी अधिकाऱ्यांनी खालपासून वरपर्यंत फाईल न वाचता पुढे ढकलली, ही न्यायालयाची नाराजी होती.

आता सहलींबद्दल. हा विषय आपल्यासमोर काढताना संकोच वाटतो, पण जिल्ह्यातल्या पोरासोरांना जे माहीत आहे ते आपल्याला माहीत नसेल असे मी कसे मानू? अविश्वासाची नोटीस पडली की सदस्य गावातून गायब होतात. कोणी डोंगरगडला बमलेश्वरीच्या दर्शनाला गेलेले असते, कोणी रामटेकला, कोणी बालाघाटकडच्या पाहुण्यांकडे. फोन बंद. सभेच्या दिवशी एकाच गाडीतून सगळे तहसीलदारांसमोर उतरतात. गाडी कोणाची, डिझेल कोणाचे, लॉजचे बिल कोणी भरले? नेहमीच आपल्यापैकी कोणी भरले असे मी म्हणत नाही. पण आपल्या पक्षाच्या तालुका पदाधिकाऱ्याला विचारून पाहा, उत्तर मिळेल. सात सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सहा जण गाडीत बसले की गावाने दिलेला कौल फिरवायला सुरुवात होते. आणि कशासाठी? बहुतेकदा एका सिमेंट रस्त्याच्या ठेक्यासाठी किंवा घरकुलाच्या यादीतल्या चार नावांसाठी. सरपंच धुतल्या तांदळासारखे असतात असे माझे म्हणणे नाही. बाईंच्या नावावर नवरा कारभार करतो, बिलांवर सह्या घरात होतात, हेही मी पाहिले आहे. अशांना काढलेच पाहिजे. त्यासाठी याच कायद्यात कलम ३९ आहे, गैरवर्तन आणि कर्तव्यात कसूर यांबद्दल चौकशी करून पदावरून दूर करण्याचे. त्या कलमात आरोप आहे, चौकशी आहे, म्हणणे मांडायची संधी आहे. आपल्या राज्यातला महाभियोगाचा खरा चुलतभाऊ तोच. त्यात एकच खोट आहे, ती म्हणजे निर्णय अधिकाऱ्यांच्या आणि अपिलात शासनाच्या हाती जातो, म्हणून तिथे मंत्र्यांची स्थगिती चालते आणि गाव बाजूला पडते. एका दाराने गाव येते पण चौकशी येत नाही, दुसऱ्या दाराने चौकशी येते पण गाव येत नाही.

म्हणून आमदारांकडे माझे पहिले मागणे आहे की ही दोन्ही दारे एक करा. थेट निवडलेल्या सरपंचावर ठराव आणायचा तर नोटिशीत आरोप मुद्देसूद असावेत, तारखेसह आणि कागदासह. त्याची प्रत सरपंचाला आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर एकाच दिवशी लागावी. चौदा दिवस द्या, राष्ट्रपतींना मिळतात तेवढेच. त्या काळात सरपंचाला दप्तर पाहायला आणि नकला घ्यायला मिळाव्यात. सरपंचाचे लेखी उत्तर त्याच फलकावर आरोपाच्या शेजारी लागावे. ग्रामसभेत मतदानाआधी दोन्ही कागद मोठ्याने वाचले जावेत, ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यापैकी एकाने उभे राहून प्रश्नांना तोंड द्यावे, मग सरपंचाने. त्यानंतर चिठ्ठी. यात खर्च किती? कागदाचा आणि एका दुपारचा. अशासकीय विधेयक मांडायला सरकारची परवानगी लागत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. डिसेंबरात अधिवेशन नागपूरला भरते, आपल्याला घरून रेल्वेने दोन-अडीच तासांचा रस्ता. चौघांचा पक्ष एक नसला तरी विधेयक एक असू शकते. जिल्हा परिषदेत सत्तेसाठी २०१५ मध्ये काँग्रेस आणि भाजप एकत्र आले होते, २०२२ मध्ये भाजप आणि राष्ट्रवादी. तेव्हा विचारधारा आड आली नाही, तर एका कलमासाठी का यावी?

सहली थांबवण्याला कायदा लागत नाही. आपण चौघांनी जाहीर सांगा की अविश्वासाच्या काळात सदस्यांना जिल्ह्याबाहेर नेणाऱ्या कार्यकर्त्याला पक्षात पद मिळणार नाही. पाळणार किती हे पुढचे पुढे, पण वाक्य तरी एकदा आपल्या तोंडून ऐकू द्या.

खासदारांनो, आपल्यासाठी वेगळे. वरच्या सभागृहांत पायऱ्या कितीही शहाणपणाने बांधल्या तरी शेवटी मत देणारा माणूस लागतो. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावरच्या आरोपांची चौकशी ज्या समितीने केली तिचे अध्यक्ष आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. समितीने चौदापैकी अकरा आरोपांत त्यांना दोषी धरले. मे १९९३ मध्ये त्यांना दूर करण्याच्या ठरावावर लोकसभेत मतदान झाले तेव्हा बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही नाही. तरी ठराव पडला, कारण सत्ताधारी काँग्रेस आणि तिचे मित्र असे २०५ सदस्य सभागृहात बसून तटस्थ राहिले. दोषी नाही असे म्हणायची एकाचीही तयारी नव्हती आणि दोषी आहे असे म्हणायचीही नव्हती. दक्षिण कोरियात ७ डिसेंबर २०२४ रोजी अध्यक्ष यून सुक योल यांच्यावरचा ठराव असाच पडला होता, सत्ताधारी सदस्य उठून गेल्यामुळे. लोक थंडीत रस्त्यावर उतरले आणि एका आठवड्याने, १४ डिसेंबरला, तोच ठराव तीनशेपैकी २०४ मतांनी मंजूर झाला. विरोधकांची मते १९२ होती, म्हणजे किमान बारा मते सत्ताधाऱ्यांच्या बाकांवरून आली. पुढे खटला घटना न्यायालयात चालला, अध्यक्षांनी स्वतः उभे राहून बाजू मांडली आणि ४ एप्रिल २०२५ रोजी आठही न्यायाधीशांनी एकमताने त्यांना पदच्युत केले.

आपल्याकडे राज्यघटनेच्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टामुळे अशा मतदानातही पक्षादेश झुगारला तर सदस्यत्व जाऊ शकते. सरकार टिकवण्यासाठी पक्षादेश समजतो. पण चौकशीचा अहवाल हातात घेऊन दोषी की निर्दोष हे ठरवायचे असताना पक्षाने मत सांगावे, हे न्यायाच्या कोणत्या व्याख्येत बसते? राष्ट्रपती असोत वा न्यायाधीश, पदावरून दूर करण्याच्या ठरावाला पक्षादेश लागू नसावा, अशी घटनादुरुस्ती मागा. एका खासदाराच्या मागणीने घटना बदलत नाही हे मलाही कळते. पण प्रश्न लोकसभेच्या कामकाजात नोंदला जातो आणि पुढच्या कोणाला तरी तो सापडतो. आपल्या भागाने १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकरांना पराभूत केले होते. भंडाऱ्याच्या त्या मतदारसंघाचे आज वारसदार असलेल्या खासदाराने घटनेतल्या कलमावर एखादे भाषण करायला हरकत नसावी.

आणखी एक छोटी विनंती, सहाही जणांना. पुढच्या सभेत कोणी महाभियोगाची घोषणा दिली की लगेच माईकवरून सांगा: सह्या किती लागतात, आमच्याकडे किती आहेत, आरोप कोणता. आकडा नसेल तर घोषणा आवरा. लोकांना आकडे कळतात. धानाच्या बोनसचा हिशेब पैशापर्यंत करणारी माणसे आहेत ही.

विधेयकाचा कच्चा मसुदा मी मराठीत लिहून ठेवला आहे, दोन पानांचा. त्यात कायद्याची भाषा कच्ची असेल, ती आपल्या विधी विभागाने दुरुस्त करावी. १ मे हा महाराष्ट्र दिन आणि आपल्या जिल्ह्याचा वाढदिवसही आहे. त्या दिवशी गावोगाव ग्रामसभा असते. आपल्यापैकी जे कोणी आमच्या गावच्या ग्रामसभेला येतील त्यांच्या हातात तो मसुदा सगळ्यांसमोर देईन. येणे शक्य नसेल तर स्वीय सहायकाकडून निरोप धाडा, मी नागपूरला अधिवेशनात आणून देतो.



आपला विश्वासू,
नागरिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक व मतदार,
ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया